लसीनंतरचा मायोकार्डायटिस (कोविड-१९)

कोविडची लस, त्यातही एमआरएनए जातीची (शरीराला व्हायरसचं एक प्रोटीन बनवायची सूचना देणारी) म्हणजे फायझर किंवा मॉडर्नाची, घेतल्यावर काही दिवसांत हृदयाच्या स्नायूला दाह होऊन सूज येते त्याला हे नाव आहे. स्नायूऐवजी हृदयाभोवतीचं आवरण सुजलं तर तो पेरिकार्डायटिस. पुष्कळदा दोन्ही एकदमच असतं, म्हणून डॉक्टर मायोपेरिकार्डायटिस असंही लिहितात. नुसतं 'हृदयाला सूज' म्हटलं की घोळ होतो, कारण हृदय आकाराने मोठं झालं तरी आपल्याकडे सूज आली असंच म्हणतात. आणि हा हार्ट अटॅक नाही हे आधी नीट समजून घ्यायला हवं: अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, इथे वाहिन्या सहसा मोकळ्या असतात आणि स्नायूच दुखावलेला असतो.

आजार नवा नाही. कॉक्सॅकी बी सारख्या व्हायरसने तो आधीपासून होतच आलाय, खुद्द कोविडनेही होतो. लसीशी नातंही जुनंच. अमेरिकेने आपल्या सैनिकांना देवीची लस पुन्हा टोचायला घेतली तेव्हा, डिसेंबर २००२ ते मार्च २००३ मध्ये, ती पहिल्यांदाच घेणाऱ्या २,३०,७३४ जणांत १८ जणांना मायोपेरिकार्डायटिस झाल्याची नोंद आहे.

कोविड लसीच्या बाबतीत हे आधी कुणाच्या ध्यानात आलं यावर दोन बाजूंनी सांगितलं जातं. अमेरिकी लष्कराच्या डॉक्टरांनी जानेवारी ते एप्रिल २०२१ मधले २३ पेशंट गोळा केले, सगळे पुरुष, आणि ते जूनअखेर छापून आलं. इस्रायलमध्ये डिसेंबर २०२० पासून जवळजवळ फक्त फायझरचीच लस दिली जात होती आणि तिथे साधारण २०२१ च्या वसंतात तरुण मुलांच्या केसेस दिसू लागल्या, मग जूनच्या सुरुवातीला त्यांच्या आरोग्य मंत्रालयाने आकडे जाहीर केले: पहिला डोस घेतलेल्या सुमारे ५४ लाखांत २७ केसेस, दुसरा घेतलेल्या सुमारे ५० लाखांत ३० दिवसांच्या आत १२१. इस्रायलचा मान मोठा धरावा असं वाटतं, कारण नुसत्या केसेस नाहीत तर किती जणांना लस दिली तो खालचा आकडाही त्यांच्याकडे पक्का होता, आणि त्याशिवाय दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ हे ठरतच नाही. युरोपच्या औषध संस्थेने ९ जुलै २०२१ ला संबंध मान्य केला, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, त्याआधीच, २५ जूनला, इशारा छापायला लावला होता.

सरासरी आकडा इथे फसवतो. सगळ्या वयांचे स्त्री-पुरुष एकत्र केले तर प्रमाण फारच थोडं दिसतं, पण वय आणि लिंग वेगळं केलं की चित्र बदलतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ पर्यंतच्या नोंदींवरून फायझरच्या दर दहा लाख दुसऱ्या डोसमागे, सात दिवसांच्या आत, १२ ते १५ वयाच्या मुलांत सुमारे ७१ केसेस, १६-१७ च्या मुलांत १०६ आणि १८ ते २४ च्या पुरुषांत ५२ होत्या. मुली आणि बायकांत बरंच कमी. मॉडर्नाच्या डोसमध्ये १०० मायक्रोग्रॅम एमआरएनए होतं, फायझरच्या ३० च होतं, आणि डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडनच्या २ कोटी ३० लाख लोकांच्या एकत्र अभ्यासात तरुण पुरुषांना मॉडर्नाचा धोका जास्त निघाला. ऑक्टोबर २०२१ मध्येच स्वीडनने १९९१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मॉडर्ना देणं थांबवलं होतं.

लसीपेक्षा कोविडनेच जास्त होतो हे वाक्य सरसकट सांगितलं जातं ते बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे, सगळ्यांच्या नाही. इंग्लंडमधल्या ४ कोटींहून जास्त लोकांच्या अभ्यासात चाळिशीच्या आतल्या पुरुषांत मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दर दहा लाखांत ९७ जादा केसेस आल्या, कोविड झाल्यावर १६. हे लपवून लसीचा विश्वास वाढत नाही, उलट जातो.

असं नेमकं का होतं यावर बरंच लिहिलं गेलंय. एक मत असं की स्पाइक प्रोटीनविरुद्ध (व्हायरसच्या पृष्ठभागावरचं, लसीमुळे शरीरात बनणारं प्रोटीन) तयार झालेल्या अँटीबॉडी हृदयाच्या एखाद्या प्रोटीनलाच शत्रू समजून धरतात. ऐकायला पटतं, पण आजारी पडलेल्या मुलांच्या रक्तात तशा अँटीबॉडी वेगळ्या उठून दिसल्या नाहीत, शिवाय लक्षणं दोन-तीन दिवसांत येतात हेही त्याला फार अनुकूल नाही. बोस्टनच्या संशोधकांना २०२३ मध्ये अशा मुलांच्या रक्तात अँटीबॉडीने न धरलेलं मोकळं स्पाइक प्रोटीन सापडलं, लस घेऊन ठणठणीत असलेल्यांत ते नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने सायटोकाइन, म्हणजे दाह पेटवणारी रसायनं, आणि त्यांनी चेतवलेल्या पांढऱ्या पेशी यांच्याकडे बोट दाखवलं. जर्मनीत इंटरल्युकिन-१ या सायटोकाइनला लगाम घालणाऱ्या प्रोटीनविरुद्धच्याच अँटीबॉडी काही पेशंटमध्ये मिळाल्या. सुई चुकून शिरेत गेल्यामुळे होतं हे मत हाँगकाँगमधल्या उंदरांवरच्या प्रयोगातून आलं, पण वय, लिंग आणि दुसरा डोस हा सगळा नमुना नुसत्या सुईच्या चुकीने कसा जुळवायचा? दाह अनावर होण्याचं मत आज जास्त वजनदार वाटतं, कारण दोन डोसमधलं अंतर वाढवल्यावर धोका कमी होतो हे कॅनडातल्या ऑन्टारिओत दिसलं आणि तिथे आठ आठवड्यांचं अंतर सुचवलं गेलं. मुलगे आणि तरुण पुरुषांनाच जास्त का, यासाठी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं नाव घेतलं जातं.

छातीत दुखणं, धाप, धडधड ही लक्षणं. रक्तात ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला की वाढणारं प्रोटीन) वाढलेलं, ईसीजीत बदल, इको पुष्कळदा नॉर्मल, आणि एमआरआयवर लेक लुईस निकषांनी, म्हणजे हा दाह ओळखण्याच्या ठरलेल्या खुणांनी, खात्री. दाह कमी करणाऱ्या गोळ्या, विश्रांती आणि तीन ते सहा महिने जोराचा खेळ बंद. बहुतेक जण काही दिवसांत घरी जातात. इस्रायलच्या १३६ पक्क्या किंवा संभाव्य केसेसमध्ये १२९ सौम्य होत्या, एकाचा मृत्यू झाला. फ्रान्समध्ये ५५८ पेशंटचा १८ महिने पाठपुरावा केला तर नेहमीच्या मायोकार्डायटिसपेक्षा गुंतागुंत कमी निघाली. मात्र काहींच्या एमआरआयवर जखमेचा डाग महिनोन्‌महिने राहतो, म्हणून एफडीएने जून २०२५ मध्ये ती गोष्टही इशाऱ्यात घातली. त्याच इशाऱ्यात २०२३-२४ च्या लसीनंतर १२ ते २४ वयाच्या पुरुषांत दर दहा लाख डोसमागे सुमारे २७ असं प्रमाण दिलंय.

भारतात मुख्यतः कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या, दोन्ही एमआरएनए नाहीत. फायझर-मॉडर्ना इथल्या मोहिमेत नव्हत्याच. पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक ही देशी एमआरएनए लस, तिला जून २०२२ मध्ये १८ वर्षांवरच्यांसाठी परवानगी मिळाली, तोवर बहुतेकांचे डोस उरकले होते. पुण्यातच बनलेली कोवोव्हॅक्स, म्हणजे नोव्हाव्हॅक्सची लस, एमआरएनए नसूनही तिच्यावर असाच इशारा आहे. कोविशील्डबद्दल २०२४ मध्ये गाजलेला टीटीएस हा रक्ताच्या गुठळ्यांचा वेगळाच आजार. जिममध्ये, लग्नाच्या वरातीत तरुण कोसळल्याच्या बातम्या आल्या की लसीचं नाव लगेच निघतं, पण आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा ४७ हॉस्पिटलांतून अभ्यास केला त्यात लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. घरातल्या कुणाचा अचानक मृत्यू, आधी कोविडसाठी ॲडमिट झालेलं असणं, दारूचा अतिरेक, मृत्यूआधीच्या दोन दिवसांतले अतिश्रम, या गोष्टींशी मात्र संबंध दिसला.