अपाचीच्या घरातला घरजावई

अपाची वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरने मागितलेली पानं पाठवणारा प्रोग्राम, सुरू करायला जावं आणि त्याने एक ओळ लिहून साफ नकार द्यावा, असा प्रसंग सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. त्या ओळीचा मराठीत अर्थ असा: ‘या फाइलमधल्या मॉड्यूलची रचना बिघडलेली दिसते. सही ४१५०३२३४ हवी होती, दिसली ४१५०३२३२. हे अपाचीचं मॉड्यूल नसावं, किंवा वेगळ्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेलं असावं.’ मॉड्यूल म्हणजे सर्व्हरला बाहेरून जोडायचा सुटा भाग, आणि कंपाइल करणं म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणं.

पहिल्यांदा वाचताना हे आकडे गाडीच्या चेसी नंबरसारखे वाटतात. पण दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून बघा: ४१, ५०, ३२, ३४. संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. सोळाच्या पायावर मोजलं तर ४१ म्हणजे कॅपिटल ‘ए’, ५० म्हणजे ‘पी’, ३२ म्हणजे ‘२’ हा अंक आणि ३४ म्हणजे ‘४’. जोडून वाचलं की ‘एपी२४’, म्हणजे अपाची २.४. सापडलेली सही ‘एपी२२’, म्हणजे अपाची २.२ च्या काळातली. २.२ ही मालिका डिसेंबर २००५ मध्ये आली, २.४ फेब्रुवारी २०१२ मध्ये. कोणीतरी जुन्या सर्व्हरवरची फाइल उचलून नव्या सर्व्हरवर ठेवली, एवढीच भानगड.

पण मॉड्यूलचं काम तेच असताना सर्व्हरने एवढं सोवळं का पाळावं?

त्यासाठी मॉड्यूल राहतं कुठे ते बघायला हवं. अपाची सी भाषेत लिहिलेला आहे. ब्राउझरशी कसं बोलायचं ते त्याला येतं, पायथॉन ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा येत नाही. जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये (संकेतस्थळ बांधायच्या तयार सांगाड्यात) लिहिलेलं ॲप्लिकेशन मात्र पूर्ण पायथॉनमध्ये असतं. या दोघांची गाठ घालून देण्याची सगळ्यात जुनी रीत सीजीआय, १९९३ ची. दर विनंतीला नवा प्रोग्राम सुरू करायचा, उत्तर घ्यायचं, प्रोग्राम संपवायचा. छोट्या स्क्रिप्टला हे चालून जायचं. जँगोला सुरू होताना शेकडो फाइली वाचाव्या लागतात. प्रत्येक कप चहासाठी नवी चूल बांधायची म्हटलं तर पाहुणा निघून जाईल.

म्हणून पायथॉनचा इंटरप्रिटरच, म्हणजे पायथॉनचा कोड वाचून चालवणारा प्रोग्रामच, अपाचीच्या पोटात घ्यायची युक्ती निघाली. मॉड्यूल म्हणजे ‘.एसओ’ शेपटीची एक फाइल. कॉन्फिगरेशनमध्ये ‘लोडमॉड्यूल’ची एक ओळ लिहिली की अपाची सुरू होताना ती फाइल स्वतःच्या मेमरीत ओढून घेतो. त्यानंतर दोघांत भिंत नाही. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) एक, मेमरी एक, मरणही एक. मॉड्यूल हा घरजावई: घरच्यासारखा वावरतो आणि कपाटं न विचारता उघडतो.

जँगो जुलै २००५ मध्ये जगापुढे आलं, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून. तेव्हा ते अपाचीवर चढवायची शिरस्त्याची वाट होती मॉड-पायथॉन, असंच पायथॉनला अपाचीच्या पोटात घेणारं मॉड्यूल. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम डम्पल्टन यांनी त्याच कामाचं मॉड-डब्ल्यूएसजीआय आणलं आणि लोक हळूहळू तिकडे वळले. जून २०१० मध्ये मॉड-पायथॉनची रवानगी अपाची फाउंडेशनच्या ‘ॲटिक’मध्ये झाली. ॲटिक म्हणजे आपला माळा. निवृत्त प्रकल्प ठेवायच्या जागेला तिथे खरंच हेच नाव आहे. २०१३ च्या जँगो १.५ मध्ये मॉड-पायथॉनचा आधार पूर्ण काढून टाकला होता.

आता ‘न विचारता कपाट उघडणं’ जरा जवळून बघू. ब्राउझरची विनंती आली की अपाची तिची सगळी माहिती एका रचनेत भरतो. त्या रचनेतला पहिला खण मेमरीच्या साठ्याचा पत्ता, दुसरा जोडणीचा, तिसरा सर्व्हरचा. ६४ बिटांच्या यंत्रावर एक पत्ता ८ बाइटचा, म्हणून हे तीन खण सुरुवातीपासून ०, ८ आणि १६ व्या बाइटवर पडतात. ब्राउझरने पाठवलेली मूळ ओळ सातव्या खणात, ४८ व्या बाइटवर. सी भाषेत लिहिताना प्रोग्रामर खणांची नावं वापरतो. कंपाइल झाल्यावर नावं जातात, उरतात फक्त अंतरं. ‘मूळ ओळ दे’ असं मॉड्यूल म्हणत नाही. ‘४८ वर हात घाल’ एवढंच त्याला ठाऊक असतं.

मिसळणाच्या डब्यासारखंच. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात न बघता तिसऱ्या वाटीतल्या हळदीवर जातो. कोणी मधेच एक वाटी वाढवून सगळ्या पुढे सरकवल्या तर हात त्याच जागी जाणार, भाजीत मात्र भलतंच पडणार. घरात निदान वास तरी येतो. प्रोसेसरला वास येत नाही. तो मोहरीलाच हळद समजून पुढे जातो, आणि कुठेतरी दहा पायऱ्यांनंतर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन कोसळतो.

हे टाळायला अपाचीने सहीच्या जोडीला एक आकडा ठेवला आहे. त्याचं नाव ‘मॉड्यूल मॅजिक नंबर’, पण त्यात जादू काही नाही. ती तारीख आहे. २.४ मालिकेचा आकडा २०१२०२११, म्हणजे ११ फेब्रुवारी २०१२. मधल्या वाट्या सरकतील असा बदल केला की हा आकडा बदलायचा. शेवटी एखादी वाटी जोडली तर फक्त त्याच्या मागचा दुय्यम आकडा एकाने वाढवायचा. २.४ मध्ये त्या दुय्यम आकड्याने शंभरी ओलांडली, मुख्य तारीख तीच राहिली. त्यामुळे २.४ च्या सुरुवातीला कंपाइल केलेलं मॉड्यूल त्याच मालिकेच्या कितीतरी नंतरच्या आवृत्तीतही चढतं. मला या शिस्तीचं फार कौतुक वाटतं. एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरने २०१६ मध्ये बाहेरून जोडायची मॉड्यूलं आणली तेव्हा असं वचन दिलं नाही. तिथे सर्व्हरची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावी लागते, नाहीतर ‘ही आवृत्ती नाही, ती हवी’ म्हणून दारातूनच परत पाठवतात.

मात्र अपाचीचा हा पहारेकरी फक्त अपाचीच्या बाजूचे कागद तपासतो. मॉड-डब्ल्यूएसजीआयचा दुसरा हात पायथॉनच्या हातात असतो.

हे मी ठेचकाळून शिकलो. एका संस्थेचं अर्ज भरायचं छोटं संकेतस्थळ माझ्याकडे होतं. उबुंटू (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) २०.०४, जँगो, अपाची. एका शनिवारी रात्री सर्व्हर २२.०४ वर नेला. अपाची बिनतक्रार सुरू झाला, कारण २.४ च होता, आकडा जुळला. ब्राउझरमध्ये मात्र ५००, म्हणजे सर्व्हरच्या आत बिघाड. लॉगमध्ये ओळ: ‘जँगो नावाचं मॉड्यूल नाही.’ (इथे मॉड्यूल म्हणजे अपाचीचं नव्हे, पायथॉनचं पॅकेज.) जँगो तर डोळ्यांसमोर होतं! पण ते होतं ‘पायथॉन३.८’ नावाच्या फोल्डरमध्ये. नव्या उबुंटूबरोबर आलेलं मॉड-डब्ल्यूएसजीआय पायथॉन ३.१० शी बांधलेलं. ते ‘पायथॉन३.१०’ नावाचं फोल्डर शोधत होतं, आणि तसं फोल्डर नव्हतंच.

रात्री साडेअकराला माणूस जे करतो ते मी केलं. जुन्या फोल्डरला नव्या नावाची लिंक दिली. जँगो सापडलं! पुढची ओळ आली: पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणाऱ्या पॅकेजचा आतला भाग सापडत नाही. फोल्डर उघडून बघितलं तर फाइलीच्या नावातच उत्तर लिहिलेलं होतं: ‘सीपायथॉन-३८’. जँगो ही निव्वळ पायथॉनची मजकुरी फाइल, ती कोणताही इंटरप्रिटर वाचेल. हा भाग मात्र सी मधून कंपाइल केलेला, ३.८ च्या खणांच्या अंतरांवर बेतलेला. ३.१० त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. लिंक काढली, नव्या पायथॉनने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ॲप्लिकेशनच्या पॅकेजांचं वेगळं फोल्डर) पुन्हा बांधलं आणि यादीतली पॅकेजं पुन्हा घातली. काम वीसेक मिनिटांचं. दोन तास आधीच गेले होते.

तरी ही बिघाडाची सभ्य जात. दार लागलं आणि कारण लिहून मिळालं. खरा ताप असतो तो दार उघडं ठेवून आत भांडण लावणाऱ्या बिघाडांचा. अपाचीला एक्सएमएल या रचनेतला मजकूर वाचायला एक्सपॅट नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते, पायथॉनलाही लागते. एका प्रोसेसमध्ये तिच्या दोन वेगळ्या आवृत्त्या आल्या की आधी आलेलीच दोघांच्या गळ्यात पडते, आणि पायथॉन एक्सएमएल वाचायला गेला की प्रोसेस कोसळते. त्याच अपाचीत पीएचपी या भाषेचं मॉड्यूलही असेल तर मायएस्क्यूएल डेटाबेसच्या लायब्ररीवरून असंच वाजू शकतं. मग माणूस आपल्याच कोडमधली चूक शोधत बसतो, जी तिथे नसतेच.

नमपाय हे पायथॉनचं आकडेमोडीचं पॅकेज वापरणाऱ्यांना आणखी एक अनुभव असेल: पान अर्ध्यात अडकून राहतं, त्रुटी नाही, लॉग कोरा. मॉड-डब्ल्यूएसजीआय एकाच प्रोसेसमध्ये पायथॉनचे अनेक उपइंटरप्रिटर चालवू शकतं, दर ॲप्लिकेशनला एक. सी मध्ये लिहिलेल्या बऱ्याच पॅकेजांना वाटतं की घरात आपण आणि मुख्य इंटरप्रिटर एवढेच. कुलूप कोणाचं, किल्ली कोणाकडे, यात सगळं थिजतं. उपाय एका ओळीचा: ॲप्लिकेशन ग्रुप ‘ग्लोबल’ ठेवायचा, म्हणजे काम मुख्य इंटरप्रिटरमध्ये चालतं. ही ओळ कळेपर्यंत मात्र आठवडा जाऊ शकतो.

या बाबतीत पीएचपी शहाणं. अपाची एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालवत असेल आणि पीएचपीचं मॉड्यूल थ्रेडसाठी तयार नसेल, तर ते सुरुवातीलाच सांगतं: थ्रेड बंद करा, नाहीतर मला पुन्हा कंपाइल करा.

एवढं सगळं झाल्यावर वेगळी चूल मांडायचा विचार कोणाच्याही मनात येईल. मॉड-डब्ल्यूएसजीआयने स्वतःच डीमन मोड दिला: पायथॉन अपाचीपासून निघालेल्या स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतो. गुनिकॉर्नसारख्या पायथॉनच्या स्वतंत्र सर्व्हरने पुढची पायरी गाठली. पायथॉन पूर्णपणे आपल्या घरात राहतो, आणि अपाची किंवा एन्जिनएक्स दारात उभा राहून निरोप आतबाहेर करतो. दोघांत बोलणं एचटीटीपीत, म्हणजे मजकुरात. तिथे ४८ व्या बाइटवर कोणी हात घालत नाही, त्यामुळे वाट्या सरकल्या तरी कोणाची भाजी बिघडत नाही. डिसेंबर २०१९ च्या जँगो ३.० पासून सर्व्हर आणि पायथॉन ॲप्लिकेशन यांच्यातली एएसजीआय ही नवी बोलीही आली. मॉड-डब्ल्यूएसजीआय ती बोलत नाही, म्हणून ती हवी असेल तर वेगळी चूल मांडावीच लागते.

त्या अर्जांच्या संकेतस्थळावर मीही गुनिकॉर्न बसवलं. पुढे सर्व्हर २४.०४ वर नेला तेव्हा पायथॉन ३.१२ झालं, आणि गुनिकॉर्नने सुरू व्हायला नकार दिला; व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ३.१० चंच होतं. अपाची मात्र चालू होता. मुखपृष्ठ, सूचना, पीडीएफ सगळं उघडत होतं. फक्त अर्जाच्या पानावर ५०३, म्हणजे सेवा उपलब्ध नाही. या वेळी लिंक देत बसलो नाही, सरळ फोल्डर उडवलं आणि नवं बांधायला घेतलं. चहा गार व्हायच्या आत अर्ज सुरू झाले.