साचा आणि पात्र (खेळण्यांमधील)

खेळण्यातल्या बाहुलीचा आकार ज्यातून निघतो तो साचा. त्या आकाराला नाव, रंग, स्वभाव आणि नातीगोती मिळाली की पात्र तयार होते. दोन्ही एकच आहेत असे वरवर वाटते, पण खेळण्यांची एखादी मालिका दहा-वीस वर्षे चालली की साचा एका पात्राचा उरत नाही आणि पात्रही एका साच्यात मावत नाही. मोठ्या कंपन्यांनी याचे शास्त्र बनवले. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी मुले मात्र दिवाळीच्या किल्ल्यावर हेच दरवर्षी आपणहून करतात.

दिवाळी जवळ आली की अंगणात, गल्लीच्या कोपऱ्यावर दगड-विटा रचल्या जातात, वर ओली पोती आणि तांबड्या मातीचा लेप चढतो, उतारावर मोहरी किंवा हळीव पेरतात. मग बाजारातून ‘चित्रे’ येतात. किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या किंवा प्लास्टरच्या छोट्या मूर्तींना इकडे चित्रेच म्हणतात. प्रत्येक चित्राची ओळख एका खुणेवर उभी असते. जिरेटोप आणि सिंहासन दिसले की महाराज, भाला दिसला की मावळा, डोक्यावर घागर असली की गवळण. महाराजांची मूर्ती एकच असते आणि तिची जागा ठरलेली असते, ती दुसऱ्या कुणाची होत नाही. मावळ्याचे तसे नाही. एकाच साच्यातले दहा मावळे आणले तरी सिंहगडाच्या कड्याशी उभा केलेला तानाजी होतो, खिंडीत ठेवलेला बाजीप्रभू होतो आणि उरलेले पहारेकरी. पुढच्या वर्षी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाची प्रतिकृती करायची ठरली, तर कालचा तानाजी निमूटपणे दरवाज्यावर पहारा देतो. भाला मोडला असेल तर खराट्याची काडी लागते, रंग उडाला असेल तर नवा हात फिरतो. इथे पात्र ठरते ते उभे राहण्याच्या जागेवरून. या विषयाच्या चर्चेत कारखान्याचाच विचार होतो आणि मुलांनी केलेली ही नेमणूक सुटून जाते. ती सुटू नये, कारण गाभा तिथेच आहे.

कारखान्याला साचा पुन्हा वापरावा लागतो तो खर्चामुळे. प्लास्टिकचे खेळणे ज्यात ओततात तो पोलादी साचा महाग असतो, तर रंग बदलणे स्वस्त. मॅटेल कंपनीने १९८२ मध्ये ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही मालिका आणली, तेव्हा नायक ही-मॅनच्या वाहनासाठी आपल्याच ‘बिग जिम’ या जुन्या मालिकेतला वाघ घेतला. तो नव्या बाहुल्यांच्या मानाने फार मोठा होता, म्हणून त्याला हिरवा रंग आणि खोगीर देऊन ‘बॅटल कॅट’ केले. पुढे तोच साचा जांभळा होऊन खलनायकाच्या बाजूला ‘पँथॉर’ म्हणून उभा राहिला. किल्ल्याच्या गुहेतला वाघही बहुधा बुरुजाएवढा असतो. मुले त्याचा आकार बदलत नाहीत, त्याला शोभेल अशी गुहा खोदतात.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे गाडी किंवा विमानात रूपांतर होणाऱ्या यंत्रमानवांची ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने १९८४ मध्ये ही मालिका सुरू केली, पण बहुतेक साचे जपानच्या ताकारा कंपनीच्या ‘डायक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या मालिकांमधले होते. डायक्लोनमध्ये यंत्रमानव हे नुसते वाहन होते आणि आत बसणारा पेराएवढा माणूस त्याचा चालक. हॅस्ब्रोने चालक काढून टाकला आणि यंत्रालाच जीव दिला. नावे आणि स्वभाव लिहिण्याचे काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेले. त्यातले बहुतांश बॉब बुडियान्स्की यांनी केले, तर नायकांच्या गटाच्या नेत्याचे ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनिस ओनील यांचे. डब्याच्या मागे पात्राचे बोधवाक्य, स्वभाव आणि बळ, बुद्धी, वेग, धैर्य अशा आठ गुणांचा आलेख छापलेला असे. तो सोबतच्या लाल पारदर्शक पट्टीतूनच वाचता येई. साचा एकच असलेली तीन विमाने या लिखाणामुळे तीन वेगळी माणसे झाली. स्टारस्क्रीम खलनायकांच्या नेत्याच्या जागेवर डोळा ठेवणारा, स्कायवार्प खोड्या काढणारा, थंडरक्रॅकर मनात शंका बाळगणारा. रंग सोडला तर हातात घेतल्यावर फरक कळत नाही, तरी मुलाला तो पक्का ठाऊक असतो. १९८५ मध्ये पंख बदलून आणखी तीन विमाने आली.

उलटा प्रवासही होतो. याच मालिकेतला बंबलबी १९८४ मध्ये पिवळी फोक्सवॅगन बीटल होता, २००७ च्या चित्रपटात तो पिवळी कॅमेरो झाला. साचा, आकार, गाडीची कंपनी सारे बदलले. पिवळा रंग आणि नेत्यावरची निष्ठा टिकली, तेवढ्यावर ओळख तरली. ऑप्टिमस प्राइमला १९८६ च्या चित्रपटात मारले, कारण नव्या खेळण्यांसाठी जागा करायची होती. मुलांना ते सोसले नाही आणि १९८७ मध्ये त्याला परत आणावे लागले. कंपनीने माल म्हणून ठरवलेले पात्र मुलांनी माणूस म्हणून स्वीकारले होते.

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे कारखाना असलेल्या फनस्कूलने, म्हणजे एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघालेल्या कंपनीने, ‘जी. आय. जो’ या हॅस्ब्रोच्या मालिकेतले खेळण्यातले सैनिक भारतात तयार केले. साचे अमेरिकेचे, पण रंग अनेकदा भलतेच. त्यामुळे परदेशातले संग्राहक आज या भारतीय प्रती मुद्दाम शोधतात.

सीमाभागात साच्याशिवायही पात्र चालते. ज्येष्ठ अमावास्येला, कन्नडमध्ये ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ला, कच्च्या मातीची बैलजोडी घरोघरी पुजली जाते. कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, तिच्या आधी पंधरा दिवस, ज्येष्ठ पौर्णिमेला, आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. हे बैल भाजलेले नसतात, म्हणून पुढच्या वर्षाला उरत नाहीत. दरवर्षी नवी माती मळून वशिंड, शिंगे आणि गळ्याची पोळी हातानेच काढतात. मराठी घरात त्याला बैल म्हणतात, कन्नड घरात ‘एत्तु’, आणि तोच पिंडीसमोर बसवला की नंदी.