फी दुप्पट झाली, मग मुलांनी शाखा का बदलली नाही?

शिक्षण महागले की मुले शाखा बदलतात, हे आपण सहज धरून चालतो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही तेच धरून २०२१ पासून देशभरातल्या विद्यापीठांची फी बदलली. इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांची वर्षाची फी ६,८०४ डॉलरवरून थेट १४,५०० डॉलर झाली. नर्सिंग, शिक्षकी पेशा, गणित, शेती यांची ३,९५० वर आणली. ज्या विषयांत नोकऱ्या आहेत तिकडे मुलांनी वळावे, हा उघड हेतू होता. पुढे सरकारनेच नेमलेल्या समितीचा अहवाल २०२४ मध्ये आला. नव्या फीमुळे वेगळ्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणारे विद्यार्थी निघाले सुमारे दीड टक्का.

याचे कारण मुलांच्या इतिहासप्रेमात शोधू नका. ते कर्जफेडीच्या पद्धतीत आहे, आणि मला ही पद्धत फार सुंदर वाटते. १९८९ पासून तिथे फी आधी सरकार भरते. विद्यार्थी ती नंतर पगारातून फेडतो आणि हप्ता ठरतो फक्त मिळकतीवर. कर्ज किती आहे याचा हप्त्याशी संबंधच नाही.

गणित करून पाहू. २०२०-२१ च्या दरांनुसार ६०,००० डॉलर कमावणाऱ्याने अडीच टक्के, म्हणजे वर्षाला १,५०० डॉलर भरायचे. जुन्या फीने तीन वर्षांचे कर्ज व्हायचे सुमारे २०,४००, नव्या फीने ते ४३,५०० होते. हप्ता मात्र दोन्हींत १,५००च! फरक पडतो तो मुदतीत. पगार तेवढाच राहिला असे धरले, तर पहिले कर्ज चौदा वर्षांत फिटेल आणि दुसरे एकोणतीस वर्षांत. म्हणजे वाढलेल्या फीचा पहिला चटका बसणार नोकरीच्या चौदाव्या वर्षी. या कर्जावर खरे व्याज नाही, ते फार तर महागाईइतके वाढते. त्यामुळे आजच्याच किमतींत हिशेब करता येतो. दूरच्या पैशाचे मोल दरसाल पाच टक्क्यांनी कमी धरले, तर जादा २३,१०० डॉलरचे आजचे मूल्य, प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी, जेमतेम ७,००० डॉलर उरते. तेवढ्यासाठी आवडीचा विषय कोण सोडेल?

आता आपल्याकडचे शैक्षणिक कर्ज घ्या. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर सवलत, मग ठरलेला ईएमआय. दहा लाख रुपये, दहा टक्के व्याज, पंधरा वर्षे: महिना सुमारे १०,७५० रुपये. फी दुप्पट होऊन कर्ज वीस लाखांवर गेले की हप्ता २१,५००. महिना तीस हजारांच्या पहिल्या नोकरीत त्यानंतर हातात काय राहणार? इथे फीवाढीचा चटका पहिल्याच पगाराला बसतो आणि घरात शाखेची चर्चा पगारापासून सुरू होते. ऑस्ट्रेलियात शिकायला जाणारी मराठी मुलेही याच गटात येतात, कारण ती मिळकतीवरची सोय परदेशी विद्यार्थ्यांना नाही.

कर्जाचा हा दाब अमेरिकेत मोजलाही गेला आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका नामांकित विद्यापीठाने आर्थिक मदतीतला कर्जाचा भाग काढून त्याजागी अनुदान दिले. जेसी रॉथस्टीन आणि सेसिलिया राउझ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. कर्ज असलेले पदवीधर जास्त पगाराच्या नोकऱ्या निवडत होते आणि समाजोपयोगी पण कमी पगाराच्या कामांपासून दूर राहत होते.

बारावीच्या सुट्टीत हा हिशेब कागदावर मांडायचा सोडून अनेक पालक बोटांच्या ठशांवरून शाखा सांगणाऱ्या चाचण्यांवर हजारो रुपये घालवतात. ठशांवरून कल ओळखता येतो याला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. पत्रिकेवरून शाखा काढणेही त्याच पंक्तीतले.

ऑस्ट्रेलियाच्या योजनेत आणखी एक उलटी चाल होती. अभियांत्रिकी आणि विज्ञानाची फी कमी केली, पण सरकारी वाटा त्या प्रमाणात वाढवला नाही. त्यामुळे अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे विद्यापीठाला मिळणारी एकूण रक्कम घटली. ज्या जागा वाढाव्यात असे सरकारला वाटत होते, त्या वाढवणे विद्यापीठांना तोट्याचे ठरले.

२०२५ मध्ये तिथल्या सरकारने शिल्लक कर्जे वीस टक्क्यांनी कमी केली. फेडीची सुरुवात २०२५-२६ साठी ६७,००० डॉलरच्या मिळकतीवर नेली, आणि बहुतेकांना हप्ता त्यावरच्या रकमेवरच लागतो. वरच्या उदाहरणातल्या ६०,००० डॉलरवाल्याचा हप्ता त्यामुळे शून्य झाला आहे.