जबलपूर निकाल आणि बंदी प्रत्यक्षीकरण : पार्श्वभूमी

एखाद्याला कोणत्या कायद्याने कोंडून ठेवले आहे हे न्यायालयाने विचारायचे आणि सरकारने त्याचे उत्तर द्यायचे, एवढेच बंदी प्रत्यक्षीकरण अर्जाचे काम. भारतात असा अर्ज राज्यघटनेच्या कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात किंवा २२६ खाली उच्च न्यायालयात होतो. बंदिवानाला स्वतः येता येत नाही, म्हणून त्याचा नातेवाईक किंवा मित्रही तो करू शकतो.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली आणि २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४ (समानता), २१ (जीवित व स्वातंत्र्य) व २२ (अटकेविरुद्ध संरक्षण) साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली खटल्याविना पकडलेल्यांना (स्थानबद्धांना) अटकेची कारणे सांगण्याचे बंधन उरले नाही. सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी पदाचा राजीनामा दिला. इतर वकील अर्ज दाखल करत राहिले. स्थानबद्धतेचा आदेश अधिकारकक्षेबाहेरचा किंवा दुष्ट हेतूने काढलेला असेल तर त्याची तपासणी करता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही त्यांत होते.

सरकार अपिलात गेले. शांती भूषण, सोली सोराबजी, वि. म. तारकुंडे यांच्यासारखे वकील स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिले. पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का, असे न्या. ह. रा. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले. आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले; हाच जबलपूर निकाल. विरोधी निकालपत्र एकट्या खन्नांचे होते : कलम २१ नसते तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

दुरुस्ती आधी संसदेने केली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीमुळे कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. न्यायालयाने स्वतःचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला तो थेट २४ ऑगस्ट २०१७ रोजी, गोपनीयतेच्या खटल्यात. ४१ वर्षांचा हा उशीर समर्थनीय नाही.

आज स्थानबद्धतेचे आदेश टिकत नाहीत, ते बहुधा कार्यपद्धतीतील चुकांमुळे. कारणे बंदिवानाला समजणाऱ्या भाषेत दिलेली नसतात, आधारभूत कागद जोडलेले नसतात किंवा आदेशाविरुद्धच्या त्याच्या निवेदनावर निर्णय घ्यायला सबळ कारणाशिवाय वेळ लावलेला असतो. त्यामुळे वकील आधी तारखा जुळवतो : आदेश कधी निघाला, तो कधी बजावला, निवेदन कधी पोहोचले, उत्तर कधी दिले. नेहमीच्या फौजदारी अटकेत मात्र दंडाधिकाऱ्याने कोठडी दिली असेल, तर हा अर्ज सहसा टिकत नाही. ती कोठडीच बेकायदा किंवा यांत्रिकपणे दिलेली असल्याचे दाखवावे लागते. एरवी मार्ग जामिनाचा.

एक उणीव मात्र घटनेतच आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेत, म्हणजे पुढचा धोका टाळण्यासाठी खटल्याविना डांबण्यात, वकिलाचा हक्क कलम २२(३) ने वगळला आहे. १९८१ च्या ए. के. रॉय निकालानुसार, स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे सरकारच्या बाजूने वकील किंवा विधी सल्लागार असेल तरच बंदिवानालाही वकील द्यावा लागतो. एरवी वकील नसलेल्या मित्राची मदत घेता येते. मंडळाच्या अभिप्रायाविना डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे ४४ व्या दुरुस्तीतील कलम ३ संसदेने संमत केले, पण ते लागू करणारी अधिसूचना सरकारने काढलेली नाही.