जादूचं कॉलेज: यंग ॲडल्ट कुठे संपतं, न्यू ॲडल्ट कुठे सुरू होतं

एक मुलगी नव्या कॉलेजात दाखल होते. हॉस्टेलची खोली, अनोळखी चेहरे. थोड्याच दिवसांत तिला कळतं की इथे जादू आहे आणि ती जीवघेणी आहे. वरच्या वर्गातला एक देखणा मुलगा पहिल्या भेटीपासून तिच्या वाईटावर आहे. पुस्तक पाचशे पानांच्या आसपास, सगळं प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात सांगितलेलं.

हे वर्णन ट्रेसी डीऑन यांच्या ‘लेजेंडबॉर्न’ला (2020) लागू पडतं आणि रिबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’लाही (2023). मलपृष्ठावरचा मजकूर वाचून दोन्ही एकाच खणातली वाटतात, आणि पुस्तक प्रदर्शनात ती एकाच टेबलावर पडलेली असतात. पण पहिली यंग ॲडल्ट आहे, नववी-दहावीच्या मुलांना निर्धास्त देता येईल अशी. दुसरी न्यू ॲडल्ट, म्हणजे प्रौढांसाठी लिहिलेली, आणि तिच्यातली शरीरसंबंधांची वर्णनं तपशीलवार आहेत. दोन्ही आपापल्या जागी दमदार आहेत. चुकीच्या हातात पडली तर मात्र दोघींवरही अन्याय होतो: बारावीचा वाचक पहिलीला ‘पोरकट’ म्हणतो आणि आठवीतल्या मुलीचे आईवडील दुसरी वाचून अख्खा फॅंटसी प्रकारच घरातून हद्दपार करतात.

आपल्याकडे हा गोंधळ वाढायला ‘कॉलेज’ हा शब्दच कारणीभूत आहे. महाराष्ट्रात दहावी झाली की मूल कॉलेजात जातं. अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज, वय साधारण 16 ते 18. अमेरिकेत याच वयाची मुलं हायस्कुलात असतात आणि कॉलेज 18 व्या वर्षी सुरू होतं. त्यामुळे मुखपृष्ठावर कॉलेजची कमान दिसली की आपल्या डोळ्यांसमोर अकरावीची पोरं येतात, तर अमेरिकी लेखिकेच्या मनात मतदानाचं वय ओलांडलेली, घरापासून तुटलेली माणसं असतात. ‘फोर्थ विंग’च्या बॅसगिअथ वॉर कॉलेजात तर विसाव्या वर्षाआधी प्रवेशच नाही. नायिका व्हायोलेट 20 वर्षांची आहे.

मग यंग ॲडल्ट कादंबरी कॉलेजच्या आवारात घडवायची तर लेखक काय करतो? वय आणि आवार यांचा सांधा जुळवतो. डीऑन यांनी तो फार सफाईने जुळवला आहे. त्यांची ब्री मॅथ्यूज 16 वर्षांची आहे, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या खऱ्या आवारात ती ‘अर्ली कॉलेज’ या निवासी योजनेतून येते. म्हणजे हायस्कुलातच असताना विद्यापीठात शिकणारी मुलगी. या एका तरतुदीने सगळं साधतं. खरं विद्यापीठ, खरी वसतिगृहं, मोठ्या मुलांची गुप्त संघटना, आणि तरीही डीनचा फोन घरी वडिलांना जाऊ शकतो. रेनबो रॉवेल यांच्या ‘कॅरी ऑन’मध्ये (2015) दुसरी वाट आहे. तिथे सायमन स्नो 18 वर्षांचा असला तरी वॉटफर्ड नावाच्या जादूच्या शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे.

आता या दोन नावांविषयी. अमेरिकी ग्रंथपालांच्या संघटनेचा तरुण वाचकांसाठीचा विभाग यंग ॲडल्ट म्हणजे 12 ते 18 वर्षं असं धरतो. न्यू ॲडल्ट हे नाव त्या मानाने कालचं. 2009 मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने 18 वर्षांपुढच्या वाचकांना रुचेल असं, यंग ॲडल्टच्या धाटणीचं पण प्रौढ लेखन मागवणारी स्पर्धा घेतली आणि तिथून हा शब्द रुळला. सुरुवातीला त्यात कॉलेजातल्या साध्या प्रेमकथाच जास्त होत्या. ड्रॅगन आणि जादू त्यात मोठ्या प्रमाणावर नंतर शिरली. मराठीत बालसाहित्य आहे, कुमारसाहित्य आहे आणि त्यापुढे थेट ‘कादंबरी’. मधल्या दोन पायऱ्यांना आपल्याकडे वेगळा खणच नाही, म्हणून वाचनालयात ही पुस्तकं हाताला येतील तिथे लावली जातात.

फरक ओळखताना लोक बहुतेक वेळा नायकाचं वय बघतात. ही खूण उपयोगी आहे, पण अपुरी. सायमन 18 वर्षांचा असूनही पुस्तक यंग ॲडल्ट राहतं. रक्तपातावरूनही ठरत नाही. यंग ॲडल्ट फॅंटसीत माणसं भरपूर मरतात, आणि ‘लेजेंडबॉर्न’ची सुरुवातच आईच्या मृत्यूने होते. जाडी, निवेदनाचा काळ, मुखपृष्ठ यांचा तर काहीच भरवसा नाही.

खरी खूण आहे ती ही: गोष्टीतल्या माणसाने चूक केली की ती निस्तरायला कोण येतं?

यंग ॲडल्टमध्ये मोठी माणसं अजून जबाबदार असतात. ती कमी पडतील, खोटं बोलतील, वाईटही निघतील, पण त्यांची परवानगी लागते, त्यांना फसवावं लागतं, त्यांच्याकडून उत्तर मागावं लागतं. ब्रीचे वडील फोनवर आहेत आणि तिच्यासाठी समुपदेशक त्यांनीच ठरवून दिली आहे. तिचा सगळा शोध ‘आईच्या मृत्यूच्या रात्री नेमकं काय झालं’ आणि ‘मी कोणाची कोण’ या प्रश्नांभोवती फिरतो. आर्थर राजाच्या सरदारांच्या वंशजांची गुप्त संघटना एकीकडे, गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय पूर्वजांची मुळांची विद्या दुसरीकडे. जादू हा इथे वारसा आहे आणि तो कोणाला मिळतो हाच झगडा आहे.

न्यू ॲडल्टमध्ये ते छप्पर गेलेलं असतं. व्हायोलेटची आईसुद्धा कथेत आहे, पण ती आई म्हणून कमी आणि सेनापती म्हणून जास्त. लेकीला लेखनिकांच्या विभागात जायचं असतं, ती तिला ड्रॅगनस्वारांच्या विभागात पाठवते, आणि पुढे काय होईल ते लेकीने बघायचं. प्रवेशाच्या दिवशी उंचावरच्या अरुंद कठड्यावरून चालत जायचं असतं. पाय घसरला तर माणूस संपला, घरी फोन करायला कोणी नाही. इथला प्रश्न ‘मी कोण’ असा राहत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा, कोणाबरोबर उभं राहायचं आणि त्याची किंमत किती, असा तो होतो. प्रेमातही हाच फरक. यंग ॲडल्टमध्ये चुंबनापुढे प्रसंग बहुधा संपतो किंवा दार बंद होतं. न्यू ॲडल्टमध्ये दार उघडं राहतं.

एकच प्रसंग दोन्ही पद्धतींनी लिहून पाहिला की हे लगेच कळतं. समजा, जादूच्या कॉलेजातल्या रेवाने प्रयोगशाळेतली जादूने सील केलेली मुद्रा उघडली आणि त्या स्फोटात निखिलचा डावा कान गेला.

यंग ॲडल्ट: ‘रेक्टर मॅडमनी फोन पुढे सरकवला. “घरी तू सांगतेस की मी सांगू?” रेवाने नंबर लावला. पलीकडून आईने “जेवलीस का?” विचारलं आणि रेवाला पुढचं बोलताच येईना.’

न्यू ॲडल्ट: ‘कागदावर तीन रकाने होते. मुद्रा कोणी उघडली, किती वाजता, साक्षीदार कोण. रेवाने पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. सही करण्याआधी मनात हिशोब केला. शिष्यवृत्ती गेली तर खोलीचं भाडं तीन महिने भरता येईल. निखिलच्या कानाचा खर्च धरला, तर एकच महिना.’

दोन्हींत रेवाचं वय सांगितलेलं नाही, शिवी नाही, शरीरसंबंध नाहीत. तरी खण बदलला. पहिल्या उताऱ्यात आईचा आवाज अंगावर येतो, दुसऱ्यात भाडं.

पुस्तक दुकानात हातात असेल तर वाचायच्या आधी तपासायची जागा म्हणजे सुरुवातीचं हक्कांचं (कॉपीराइटचं) पान. मोठ्या अमेरिकी प्रकाशकांच्या आवृत्तीत तिथे लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नोंदीचा बारीक टाइपातला तुकडा असतो. त्यात वर्गांक ‘पीझेड 7’ने सुरू होत असेल आणि ड्यूई दशांश वर्गीकरणाच्या आकड्याच्या जागी चौकटी कंसात ‘फिक’ एवढंच असेल, तर ते मुला-किशोरांच्या खणातलं पुस्तक. बहुतेकदा तिथेच एका वाक्यात कथासार आणि वाचकाचं वयही दिलेलं असतं. अमेरिकी लेखकाचं प्रौढ पुस्तक असेल तर ‘पीएस’ आणि 813.6 दिसेल, ब्रिटिश लेखकाचं असेल तर ‘पीआर’ आणि 823.92. (दशांश चिन्हाच्या आधी एक तिरकी रेघ छापलेली असते, तिच्याकडे लक्ष देऊ नये.) लहान प्रकाशकांच्या पुस्तकांत आणि बऱ्याच ब्रिटिश किंवा भारतीय आवृत्त्यांत हा तुकडा नसतो. तेव्हा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन सूचीत शीर्षक टाकून बघावं.

दुसरी जागा म्हणजे छाप्याचं (इम्प्रिंटचं) नाव, म्हणजे प्रकाशनसंस्था ज्या उपनावाने पुस्तक काढते ते. एकाच प्रकाशनसंस्थेचे दोन छापे असतात आणि फरक तिथेच कळतो. टॉर प्रौढांसाठी, टॉर टीन किशोरांसाठी. हार्पर व्हॉयेजर प्रौढांसाठी, हार्परटीन किशोरांसाठी. ‘फोर्थ विंग’ एंटँगल्डच्या रेड टॉवर या छाप्याचं आहे, त्याच घरातल्या एंटँगल्ड टीनचं नाही. ऑनलाइन दुकानांत विषयाचे संकेतांक दिसले तर ‘वायएएफ’ म्हणजे यंग ॲडल्ट आणि ‘एफआयसी’ म्हणजे सर्वसाधारण, प्रौढ कादंबरी. शेवटी पहिली चार पानं उलटावीत. ‘फोर्थ विंग’च्या सुरुवातीलाच युद्ध, हिंसा आणि पानावर दाखवलेले शरीरसंबंध यांची स्पष्ट सूचना छापली आहे. ग्रंथपालांनी नोंद करताना ही सूचना वाचली तरी निम्मा घोळ मिटेल.

लेखकाच्या नावावर विसंबणं हा सगळ्यात मोठा सापळा. ली बार्डुगो यांची आधीची पुस्तकं यंग ॲडल्ट, म्हणून ‘नाइन्थ हाउस’ही (2019) त्यांच्या किशोर वाचकांनी डोळे झाकून उचललं. ती येल विद्यापीठातल्या गुप्त मंडळांवरची, प्रौढांसाठीची अतिशय काळी कादंबरी आहे आणि तिच्यात बालकावरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे. आर. एफ. क्वांग यांचं ‘बेबल’ (2022) याउलट. ऑक्सफर्ड, चार विद्यार्थी, भाषांतराच्या फटीतून निघणारी चांदीच्या कांड्यांची जादू. प्रेमप्रकरण जवळजवळ नाहीच, म्हणून लोक ते यंग ॲडल्ट समजतात. पण तो साम्राज्यशाहीवरचा प्रौढ ग्रंथ आहे, तळटीपांसकट. 17 वर्षांच्या चांगल्या वाचकाला तो जरूर द्यावा, फक्त प्रौढ म्हणून द्यावा.

काही पुस्तकं खरोखरच उंबऱ्यावर बसलेली असतात. नाओमी नोविक यांची स्कोलोमन्स या जादूच्या शाळेवरची त्रयी डेल रे या प्रौढ छाप्याने काढली, पण तिच्या दुसऱ्या भागाला, ‘द लास्ट ग्रॅज्युएट’ला, 2022 मध्ये किशोर कादंबरीसाठीचा लोडस्टार पुरस्कार मिळाला. शाळेत शिक्षक एकही नाही, सुट्टी नाही, आणि शेवटच्या दिवशी राक्षसांनी भरलेल्या दालनातून जिवंत बाहेर पडणं हीच परीक्षा. वर सांगितलेल्या कसोटीने बघितलं तर ते न्यू ॲडल्ट ठरायला हवं, कारण निस्तरायला कोणीच येत नाही. पण नायिका एल हिचा सगळा राग मोठ्यांवरचा आहे. ज्यांनी मुलांना तिथे पाठवलं त्यांच्यावर, आणि तिच्या वडिलांच्या मुंबईतल्या घराण्यावरही, ज्याने तिला नाकारलं. मोठ्यांकडून उत्तर मागणारं पुस्तक म्हणून आमच्या मते ते यंग ॲडल्टच्या बाजूला झुकतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ते द्यायला हरकत नाही.

मराठीत असं लिहू पाहणाऱ्यांची पहिली चूक ठरलेली असते. इंग्रजीतली विशीतली नायिका आवडते, तिचं वय 17 करतात, शृंगार काढून टाकतात आणि यंग ॲडल्ट झालं असं समजतात. तसं होत नाही. 17 वर्षांची मुलगी एकटीने करार करते, खोली घेते, युद्धावर जाते आणि घरून एकही फोन येत नाही, हे आपल्या वाचकाला क्षणभरही पटणार नाही. दुसरी चूक म्हणजे घरच्यांची अडचण नको म्हणून पहिल्याच प्रकरणात आईवडिलांना अपघातात मारणं. मग मामा, काकू, आजी कुठे गेले याचं उत्तर देता देता तीन प्रकरणं जातात.

त्यापेक्षा अकरावीचा प्रवेश घ्यावा. वय 16, गाव सुटलेलं, हॉस्टेल नवं, शाखा घरच्यांनी ठरवलेली, आणि तरीही प्रत्येक अर्जावर पालकांची सही लागतेच. डीऑन यांना जी सोय अर्ली कॉलेज शोधून करावी लागली, ती आपल्याकडे गल्लोगल्ली तयार आहे. जादूच्या शाखेच्या प्रवेश अर्जावर वडिलांची सही कशी मिळवायची, इथून कादंबरी सुरू करता येते.