एमएस प्रोजेक्टमध्ये तारीख बदलायच्या आधी एवढं वाचा
(आमच्याकडून शेड्यूल करून घेतलेल्या बिल्डर, कॉन्ट्रॅक्टर आणि साइट इंजिनियर मंडळींसाठी)

महिन्याच्या अपडेटला एमएस प्रोजेक्टची (शेड्यूल बनवायच्या सॉफ्टवेअरची) फाइल आमच्याकडे आली की दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, "काम लवकर उरकलं तरी पुढच्या तारखा अलीकडे का येत नाहीत?" आणि दुसरा, "तारीखच तर बदलायचीय, त्याचे कसले पैसे?" दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. टास्क, लिंक, गँट चार्ट हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चाललोय.

तर मुद्दा असा. स्टार्टच्या कॉलममध्ये तुम्ही हाताने तारीख टाइप केली की तुम्हाला वाटतं आपण फक्त तारीख लिहिली, पण सॉफ्टवेअर त्याचा अर्थ घेतं की "हे काम या तारखेच्या आधी सुरू करायचं नाही". त्या टास्कला गुपचूप "स्टार्ट नो अर्लिअर दॅन" नावाचं कन्स्ट्रेंट (तारखेचं बंधन) लागतं आणि इंडिकेटरच्या कॉलममध्ये छोटं कॅलेंडरचं चित्र येतं, ज्याकडे कोणी बघत नाही. फिनिशमध्ये टाइप केलं तर "फिनिश नो अर्लिअर दॅन" लागतं. माउसने बार धरून इकडचा तिकडे सरकवला तरी तेच होतं, आणि हे तर कित्येकदा नुसतं स्क्रोल करताना हात लागून होतं. आमच्या ऑफिसात याला आम्ही खिळा म्हणतो.

एक उदाहरण घ्या. चौथा स्लॅब १२ तारखेला भरायचा होता. स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरच्या वर, म्हणजे आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) किमान १४ दिवस काढायचे नाहीत, म्हणून प्रॉप २६ ला निघणार आणि खालचं ब्लॉकवर्क २७ ला सुरू. लिंक बरोबर लावलेली होती, तारीख आपोआप २७ येतच होती, पण मीटिंगमध्ये कोणीतरी "नक्की करून टाका" म्हणालं आणि ब्लॉकवर्कच्या स्टार्टमध्ये २७ टाइप झाली. पुढे काँक्रीट ८ लाच पडलं. प्रॉप २२ ला मोकळे, ब्लॉकवर्क २३ ला घेता आलं असतं, पण फाइल २७ च दाखवते. आता ब्लॉकवर्कवाल्याला पण २७ च सांगितली जाते, प्लास्टरवाल्याला त्याच्या पुढची, आणि कमावलेले चार दिवस कुठे गेले ते कोणाला कळत पण नाही. स्लॅब उशिरा झाला असता तर ब्लॉकवर्क पुढे सरकलं असतं हो, म्हणूनच फाइल नीट चालतेय असं वाटत राहतं. उशीर सगळा पुढे जातो आणि फायदा काही मागे येत नाही.

तारीख टाइप करताना बऱ्याचदा प्लॅनिंग विझार्डची खिडकी उघडते आणि विचारते की लिंक काढू की ठेवू. लोक घाईत ओके दाबतात, वर "हे परत सांगू नका" वाली टिक पण करून टाकतात, म्हणजे पुढच्या वेळेपासून तेवढा इशारा पण बंद. ती टिक करू नका एवढी कळकळीची विनंती.

दुसरा प्रकार मॅन्युअल टास्कचा. २०१० पासूनच्या व्हर्जनमध्ये नवीन टास्क मुळात मॅन्युअली शेड्यूल्डच येतो, त्याच्यासमोर पुशपिन दिसते. असा टास्क, आधीचा स्लॅब महिनाभर लांबला तरी, जागचा हलत नाही, फार तर तारखेखाली लाल नागमोडी रेघ येते. तुम्ही साइटवर बसून मध्येच दोन टास्क घातले असतील तर ते बहुतेक असेच असणार. खाली स्टेटस बारवर "न्यू टास्क्स" लिहिलेलं असतं, तिथे क्लिक करून ऑटो शेड्यूल्ड करून ठेवा, पुढच्या टास्कचा तरी विषय संपला.

मग तारीख बदलायची कशी? बदलायची गरज का पडली यावर आहे ते.

काम खरंच उशिरा किंवा लवकर सुरू झालं असेल तर ती झालेली गोष्ट आहे, तिची जागा अॅक्च्युअल स्टार्ट (प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख). टास्क टॅबवर "मार्क ऑन ट्रॅक" शेजारच्या बाणावर क्लिक करून "अपडेट टास्क्स" उघडा, अॅक्च्युअलच्या चौकटीत भरा. नुसतं "५० टक्के" टाकू नका, कारण अॅक्च्युअल स्टार्ट नसेल तर सॉफ्टवेअर धरून चालतं की काम ठरल्या दिवशीच सुरू झालं, आणि आठ दिवस उशिरा आलेला टाइल्सवाला कागदावर वेळेवर आलेला दिसतो. (त्याच्या बिलाच्या वेळी मग वाद.)

दिवाळीला किंवा होळीला लेबर गावी गेली म्हणून कामं पुढे ढकलायची असतील तर एकेक टास्कची तारीख बदलत बसायचं कारणच नाही, "चेंज वर्किंग टाइम" मध्ये सुट्टी टाका, सगळं आपसूक सरकतं. सॉफ्टवेअरचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचं आहे, आपल्या साइटचं तसं नसतं, कुठे बाजाराच्या दिवशी सुट्टी तर कुठे नाहीच. आम्ही देतो त्या फाइलमध्ये तुमच्या साइटचं कॅलेंडर लावूनच देतो, ते स्टँडर्डवर परत नेऊ नका. प्रॉप, क्युरिंग असल्या वाटबघीच्या दिवसांना मात्र लॅगमध्ये (लिंकवर दोन कामांमध्ये थांबायचे दिवस) १४ नाही, १४ईडी लिहायचं, म्हणजे रविवार-सुट्टी धरून सलग १४ दिवस. काँक्रीट काही बाजाराला जात नाही.

आणि शेवटची तारीख पाळायचीच असेल तर? यात सगळ्यात जास्त गोंधळ. महारेराला दिलेली पूर्णत्वाची तारीख पझेशनच्या टास्कवर "मस्ट फिनिश ऑन" लावून ठोकतात. मग लिफ्ट आणि पेंटिंग त्या तारखेच्या पार गेलं तरी पझेशनचा माइलस्टोन जागेवर ठाम, आणि मालकाला दाखवलं की मालक खूश. दर तिमाहीला महारेराच्या साइटवर प्रगती तर भरावी लागतेच, तेव्हा खरी परिस्थिती बाहेर येते. त्यासाठी वेगळा डेडलाइनचा रकाना आहे, टास्कवर डबल क्लिक, अॅडव्हान्स्ड टॅब, डेडलाइन. तिथे तारीख टाका. त्याने काम कुठेच अडकत नाही, गँट चार्टवर एक हिरवा बाण दिसतो, आणि काम त्या बाणाच्या पुढे गेलं की इंडिकेटरमध्ये लाल खूण येते. स्लॅक (हातात असलेले जादा दिवस) उणे दिसायला लागतो तो पण बघत जा, किती दिवस कमी पडतायत ते तिथेच कळतं.

खिळे सगळेच वाईट असं नाही. लिफ्टचा माल अमुक तारखेआधी येणारच नाही असं कंपनीने लिहून दिलंय, तर त्या टास्कला कन्स्ट्रेंट हवंच, आम्हीच लावतो. फक्त त्याची नोट टास्कच्या नोट्समध्ये लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

आता पैशाचं. तीस-चाळीस टास्कवर खिळे असलेली फाइल आली की प्रत्येकाचं विचारावं लागतं, हा खरा की हात लागून पडलेला. कन्स्ट्रेंट टाइपचा कॉलम घालून सगळं एका झटक्यात "अॅज सून अॅज पॉसिबल" (म्हणजे बिनखिळ्याचं) करता येतं, कंट्रोल डी दाबलं की झालं, पण मग लिफ्टचा खरा खिळा पण जातो. म्हणून आम्ही तसं करत नाही, साइट इंजिनियरला फोन लावून एकेक तपासतो, आणि वेळ तिथे जातो. साफ फाइल आली तर महिन्याच्या अपडेटचे जे ठरलेत तेवढेच घेतो, सफाईचे वेगळे. स्वतः करायचं असेल तर आधी कॉपी ठेवा आणि बेसलाइन (मूळ ठरलेल्या तारखांची जपून ठेवलेली नोंद) पुसू नका. ११ बेसलाइन ठेवता येतात, नवीन हवी तर पुढच्या नंबरवर सेव्ह करा.

ज्यांना हे सगळं नकोच वाटतं त्यांच्यासाठी सोपा रस्ता आहे, आम्ही दिलेल्या एक्सेल शीटमध्ये फक्त झालेल्या तारखा आणि उरलेले दिवस भरून व्हॉट्सअॅपला टाका, फाइलला हात आम्ही लावतो. बरेच जण आता हेच करतात. नवीन साइट इंजिनियर आला असेल तर तुमच्याच साइट ऑफिसमध्ये येऊन अर्ध्या दिवसात शिकवून जातो, वार्षिक करारवाल्यांना त्याचे पैसे नाहीत. फाइल पाठवताना एमपीपी (प्रोजेक्टची मूळ फाइल) पाठवा, पीडीएफवरून खिळे दिसत नाहीत.