पार्श्वभूमी : टॉकिंग हेड्सचा दुसरा अल्बम

पहिल्या अल्बमला गाठीशी असलेली सगळी चांगली गाणी खर्ची पडतात आणि दुसऱ्याच्या वेळी बँड उघडा पडतो, हा अनुभव नेहमीचाच. ‘मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड’ हा टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडचा दुसरा अल्बम जुलै १९७८मध्ये आला, तेव्हा मात्र त्यांच्याकडे सीबीजीबी या न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवून घोटलेली कितीतरी जुनी गाणी शिल्लक होती. नवे होते ते ध्वनिमुद्रण.

ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये भेटलेले डेव्हिड बर्न, क्रिस फ्रान्ट्झ आणि टीना वेमथ, तसेच मॉडर्न लव्हर्स या बँडमधून आलेला जेरी हॅरिसन यांचा पहिला अल्बम १९७७मध्ये निघाला होता. त्याच वर्षी रमोन्स या बँडबरोबरच्या दौऱ्यात लंडनला त्यांची ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराशी ओळख झाली. ईनो त्यांच्यावर इतका खूश होता, की बँडच्या नावातील इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून त्याने ‘किंग्ज लीड हॅट’ हे स्वतःचे गाणेच रचले. दुसऱ्या अल्बमचा निर्माता तोच झाला.

ध्वनिमुद्रण बहामाजमधील नासाऊ येथे, आयलंड रेकॉर्ड्स कंपनीचा संस्थापक क्रिस ब्लॅकवेल याच्या नव्याकोऱ्या कंपास पॉइंट स्टुडिओत झाले. पहिल्या अल्बममध्ये बर्नचा ताणलेला, अस्वस्थ आवाज सर्वांत पुढे होता. इथे वेमथचा बेस आणि फ्रान्ट्झचे ड्रम्स पुढे आले, आणि माझ्या मते या अल्बमचे खरे महत्त्व यातच आहे. सोल गायक अल ग्रीनचे १९७४चे ‘टेक मी टू द रिव्हर’ ईनोच्या सूचनेवरून त्यांनी मुद्दाम संथ लयीत वाजवले. प्रत्येक ठोक्यानंतर मोकळी जागा राहते आणि त्या जागेत बेस ऐटीत चालतो. पंक या वेगवान, आक्रमक रॉकच्या घाईगर्दीतून आलेल्या मंडळींनी हा धीर दाखवावा, हेच विशेष. हे गाणे अमेरिकेत २६व्या क्रमांकापर्यंत पोचले, तर अल्बम २९व्या.

मुखपृष्ठाची कल्पना बर्नची. चौघांच्या अंगप्रत्यंगांची जवळून घेतलेली ५२९ पोलरॉइड छायाचित्रे जोडून ते तयार झाले; त्यांचे सांधे लपवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. मागच्या बाजूला उपग्रहातून टिपलेली अमेरिका आहे. अल्बमच्या शेवटच्या ‘द बिग कंट्री’ या गाण्यातला निवेदकही विमानातून हाच देश न्याहाळतो, आणि तिथे राहायला साफ नकार देतो.